शल्यविशारदांचे हात

मान्यवरांचं तैलचित्र पाहताना आपली नजर आधी चेहऱ्याकडे जाते. पण चेहरा बहुधा बसणाऱ्याच्या मर्जीनुसार उतरतो. माणसाचा पेशा ओळखायचा तर हात पाहावेत, आणि शल्यविशारदांच्या चित्रांत तर नक्कीच.

रेम्ब्राँने १६३२ मध्ये डॉ. टुल्प यांचा शरीररचनेचा धडा रंगवला. टुल्प उजव्या हातातल्या चिमट्याने प्रेताच्या हाताचे स्नायू उचलतात आणि त्या स्नायूंनी बोटं कशी वळतात ते स्वतःच्या डाव्या हाताने दाखवतात. शिक्षक म्हणून याहून वेगळी ओळख द्यायची गरजच नाही. उलट सार्जंटने १८८१ मध्ये रंगवलेले पॅरिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. पोझी लालभडक झग्यात उभे आहेत. एक हात छातीवर, दुसरा कमरपट्ट्याशी; हत्यार कुठेच नाही. चित्र देखणं आहे खरं, पण हा माणूस गायक असता तरी काही बिघडलं नसतं.

माझं मत विचाराल तर या साऱ्यांत थोर फिलाडेल्फियाच्या टॉमस एकिन्सचं ‘द ग्रॉस क्लिनिक’, १८७५ सालचं. डॉ. सॅम्युएल ग्रॉस जेफरसन मेडिकल कॉलेजच्या व्याख्यानगृहात मांडीच्या सडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया करताहेत. अंगात रोजचा काळा कोट. निर्जंतुकीकरणाचा विचार अजून तिथे रुजलेला नाही. वरून पडणारा उजेड त्यांच्या कपाळावर आणि रक्ताने माखलेल्या बोटांवर. हातातली सुरी थांबली आहे, कारण ते विद्यार्थ्यांकडे वळून काही सांगताहेत. मागे बसलेली रुग्णाची नातलग बाई तोंड झाकून घेते. कपाळ आणि बोटं एकाच उजेडात आणून एकिन्सने शस्त्रक्रिया हे बुद्धीचंही काम असल्याचं दाखवलं. ते लोकांना झेपलं नाही. १८७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्य-शताब्दी प्रदर्शनात कलादालनाने चित्र नाकारलं आणि ते लष्करी इस्पितळाच्या नमुन्यात खाटांच्या सोबतीला टांगलं गेलं. पुढे ते कॉलेजसाठी घेतलं गेलं, अवघ्या २०० डॉलरांत. (याच शहरात १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, मात्र स्त्रियांच्या वेगळ्या कॉलेजातून. जेफरसनमध्ये तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता.)

१८८९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी निवृत्त होणाऱ्या डॉ. अ‍ॅग्न्यू यांचं चित्र एकिन्सलाच सांगितलं. चौदा वर्षांत सगळं पालटलं होतं: पांढरे कपडे, भरपूर उजेड, टेबलाशी प्रशिक्षित परिचारिका. हातावर रक्त नको, असं अ‍ॅग्न्यू यांनी बजावलं आणि एकिन्सने ते पुसलं. सुरी मात्र राहिली. एवढं करूनही पेनसिल्व्हेनियाच्या कला अकादमीने १८९१ मध्ये ते प्रदर्शनात घेतलं नाही. पुढे २००६ मध्ये जेफरसनने ‘ग्रॉस क्लिनिक’ ६ कोटी ८० लाख डॉलरांना विकायला काढलं, तेव्हा ते शहराबाहेर जाऊ नये म्हणून दोन संस्थांनी मिळून घेतलं. त्यातली एक हीच अकादमी.