कृत्रिम बुद्धिमत्ता एजंटांमधील समांतर कार्यवाटप

समांतर कार्यवाटप म्हणजे सॉफ्टवेअर निर्मितीतील परस्परांवर अवलंबून नसलेली कामे एकापेक्षा अधिक कृत्रिम बुद्धिमत्ता एजंटांकडे एकाच वेळी सोपविण्याची पद्धत होय. एजंट म्हणजे दिलेल्या उद्दिष्टासाठी स्वतः फाइली वाचणारी, कोड लिहिणारी, चाचण्या चालविणारी आणि आढळलेल्या चुका दुरुस्त करणारी संगणक प्रणाली. या पद्धतीत होणारी वेळेची बचत एजंटांच्या संख्येपेक्षा कामांच्या स्वतंत्रतेवर आणि तयार काम तपासणाऱ्या माणसाच्या क्षमतेवर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

मोठे काम विभागून त्याचे भाग एकाच वेळी करण्याची कल्पना संगणकशास्त्रात जुनी आहे. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तयार केलेला परम ८००० हा महासंगणक याच तत्त्वावर चालत असे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये या तत्त्वाची मर्यादा दाखवून दिली. कामाचा २० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी एकूण वेग पाचपटीपेक्षा अधिक वाढू शकत नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) या ग्रंथात माणसांच्या बाबतीत असाच विचार मांडला. रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढविली, की आपसांतील समन्वयाचे काम वाढून तो आणखी रखडतो.

मे २०२५ मध्ये ओपनएआयने सादर केलेल्या कोडेक्स या सेवेत अनेक कामे एकाच वेळी सोपविण्याची सोय होती. प्रत्येक काम स्वतंत्र, बंदिस्त वातावरणात चालत असे.

कार्यपद्धती

प्रथम कामाचे लहान भाग पाडले जातात. प्रत्येक भागासाठी अपेक्षित परिणाम, बदलण्यास मुभा असलेल्या फाइली आणि काम पूर्ण झाल्याची कसोटी लेखी दिली जाते. एजंटांनी एकमेकांच्या फाइलींवर लिहू नये म्हणून प्रत्येकाला कोडची वेगळी प्रत मिळते. गिट या प्रणालीत २०१५ पासून असलेली ‘वर्कट्री’ ही सुविधा त्यासाठी वापरली जाते. तयार झालेले बदल माणूस तपासतो व ते एकेक करून मूळ कोडमध्ये विलीन करतो. प्रत्येक विलीनीकरणानंतर सर्व चाचण्या पुन्हा चालविणे आवश्यक असते.

उदाहरण

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांना जोडणाऱ्या सुमारे १५ किलोमीटरच्या कर्जत–खोपोली रेल्वेमार्गाचे वेळापत्रक दाखविणारे एखादे ॲप विचारात घेता येईल. अक्षरांचा आकार वाढविण्याची सोय करणे आणि ‘केळवली’ऐवजी ‘केलवली’ असे लिहिले तरी स्थानक सापडेल अशी सुधारणा करणे, ही दोन कामे स्वतंत्र आहेत. ती दोन एजंटांना निर्धास्तपणे देता येतात.

याउलट, एका एजंटाला गाड्यांच्या वेळा १२ तासांच्या पद्धतीतून २४ तासांच्या पद्धतीत नेण्यास सांगितले आणि दुसऱ्याला कर्जतला गाडी बदलताना किती वेळ थांबावे लागेल याचे गणित लिहिण्यास सांगितले, तर ही कामे केवळ वरवर वेगळी ठरतात. दुसरा एजंट जुनी पद्धत गृहीत धरून सायंकाळच्या वेळेत १२ मिळवितो. विलीनीकरणानंतर १९:१० ही वेळ ३१:१० होते. दोघांनी वेगवेगळ्या फाइली बदलल्या असल्याने गिट कोणताही संघर्ष दाखवीत नाही, आणि दोघांच्या चाचण्या आपापल्या जागी यशस्वी होतात. खोपोली शाखेवर गाड्या मोजक्याच असल्याने चुकीच्या माहितीवर विसंबलेल्या प्रवाशाला पुढील गाडीसाठी बराच वेळ थांबावे लागू शकते. अशा वेळी आधी वेळेची पद्धत निश्चित करून ते काम पूर्ण करणे व त्यानंतरच गणिताचे काम देणे योग्य ठरते.

मर्यादा

दोन कामे एकच फाइल बदलत नाहीत, एवढ्यावरून ती स्वतंत्र ठरत नाहीत. त्यांची माहितीची मांडणी व गृहीतकेही वेगळी असावी लागतात. एजंट वाढविले तरी तपासणी माणसालाच करावी लागत असल्याने काम तेथे तुंबते, आणि ॲमडाल यांनी सांगितलेली मर्यादा येथेही लागू होते. घाईने न वाचता मंजूर केलेल्या बदलांतील दोष पुढे शोधणे कठीण जाते, कारण तो कोड कोणाही माणसाने लिहिलेला नसतो. एजंट वाढले की संगणन खर्चही वाढतो. सोपविलेल्या कामाच्या परिणामांची जबाबदारी मात्र ते सोपविणाऱ्याकडेच राहते.

हेही पहा

कृत्रिम बुद्धिमत्ता
समांतर संगणन
परम (महासंगणक)
गिट