सिस्टर्सचे मेंदू आणि आजीची बीपीची गोळी

आजी विसरायला लागली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, 'वय झालं, चालायचंच.' नंतर कळलं, की तिनं बीपीची गोळी कधीचीच सोडलीय. 'काही दुखत नाही, मग कशाला उगीच औषध?' या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं तेव्हा मला वाटलंही नव्हतं. म्हणून वाचायला घेतलं आणि थेट कॉन्व्हेंटमध्येच पोचले!

अमेरिकेत डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या संघातल्या वृद्ध सिस्टर्सचा अभ्यास सुरू केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ जणी त्यात सामील झाल्या. ठरावीक काळानं स्मरणशक्तीची चाचणी द्यायची आणि मृत्यूनंतर मेंदू दान करायचा, असं त्यांनी कबूल केलं होतं. सगळ्यांचं राहणं-खाणं जवळपास सारखं, त्यामुळे तुलना सोपी. आपल्या मंडळाला आवडेल अशीही एक गोष्ट त्यात आहे. व्रत घेण्याआधी, विशीत लिहिलेली त्यांची छोटी आत्मचरित्रं संघानं जपून ठेवली होती. ज्यांची वाक्यं विचारांनी भरलेली होती, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर कमी दिसला. (म्हणून निबंध लिहिले की अल्झायमर टळतो, असं नाही हं.)

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र १९९७ च्या निबंधात होतं. १०२ सिस्टर्सचे मेंदू तपासले, त्यांतल्या ६१ मेंदूंत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, म्हणजे अमायलॉइड प्रथिनाचे साठे आणि पेशींतले गुंते. पण या ६१ जणी सारख्याच विसराळू नव्हत्या. ज्यांच्या मेंदूत खोलवर, रक्त न पोचल्यामुळे मेलेले एक-दोन बारीक ठिपके होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त होता. अल्झायमरच्या खुणा नसलेल्यांत त्याच ठिपक्यांनी फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे एकटं दुखणं मेंदू कसंबसं पेलतो, दोन्ही आली की कोलमडतो.

हे का होत असावं? मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन लागतो वीस टक्के. वर्षानुवर्षं बीपी चढलेलं राहिलं, की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते. शिवाय अमायलॉइडचा काही निचरा याच भिंतींच्या कडेनं होतो. गटार तुंबलं की कचरा साठणारच. रक्त आणि मेंदू यांच्यातली चाळण फाटली, तर रक्तातली नको ती प्रथिनं आत शिरतात आणि मायक्रोग्लिया चवताळतात.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले झाडूवाले-कम-पहारेकरी. खरचटलं की तिथं लाल होतं, सुजतं, तो दाह चांगल्यासाठीच असतो, काम झालं की ओसरतो. इथं तो ओसरतच नाही. मग पहारेकरी घरच्यांवरच हात उचलतात, पेशींमधले धडके जोडही तोडतात. २०१२ मध्ये टीआरईएम-२ या जनुकातला एक दोष अल्झायमरचा धोका वाढवतो असं आढळलं. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियाच वापरतात. त्यामुळे दाह हा नुसता परिणाम नाही, कारणांतही त्याचा हात आहे, हे मानावं लागलं.

मग दाह कमी करणाऱ्या गोळ्या द्याव्यात की! तेही करून झालं. नॅप्रोक्सेनसारखी औषधं वृद्धांना देऊन पाहिली, फायदा दिसला नाही. पहारेकरी सगळेच झोपवून चालत नाही, असं मला तरी वाटतं.

बीपीचं जरा बरं आहे. स्प्रिंट या चाचणीत ९,३६१ जण होते. निम्म्यांचं वरचं बीपी १४० च्या, निम्म्यांचं १२० च्या खाली ठेवायचं ठरलं. २०१९ मध्ये निकाल आला. १२० वाल्यांत स्मृतीची सौम्य घसरण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होती. पूर्ण स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता.

हे सगळं मी आजीच्या डॉक्टरांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, 'तुझ्या आजीला उठताना चक्कर येते, १२० च्या मागं लागू नकोस. पडली तर खुबा मोडेल.' तिच्यासाठी त्यांनी वेगळा आकडा लिहून दिलाय. गोळी आता चहाच्या कपाशेजारी ठेवतो. घेतली की नाही, हे ती विसरते, म्हणून कॅलेंडरवर फुली मारायचं काम माझ्याकडे.