मोटारखान्यांतील ऊब

परभणी म्हटलें म्हणजे पुण्या-मुंबईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें उन्हाळाच उभा राहतो, आणि तें खोटेंहि नाहीं. परंतु तेथील डिसेंबर-जानेवारीची थंडी ज्यानें एकदां अनुभवली आहे, तो परभणीचें नांव निघतांच प्रथम शाल शोधील. १९७२ सालीं स्थापन झालेल्या तेथील कृषि विद्यापीठांत पारा ५ अंशांच्याहि खालीं उतरल्याच्या नोंदी आहेत. परभणीहून मनमाडकडे जातांना लागणारें पेडगांव हें त्याच टापूंतलें. आकाश निरभ्र असलें कीं रात्रीं उघडी काळी जमीन झपाट्यानें निवते, आणि पहांटे अंगावर दोन गोधड्या असूनहि माणूस मुटकुळें करून पडतो.

या पेडगांवीं आमच्या काकांचें घर आहे. वाड्याचा जुना गोठा काढून तेथें त्यांनीं मोटार ठेवण्यासाठीं पत्र्याच्या छपराचा मोटारखाना केला. घरांत लहानमोठीं तेरा माणसें. तेव्हां परीक्षेस बसणाऱ्या नातवाला रात्रीं निवांत जागा मिळावी कोठून? तो मोटार बाहेर काढून तेथेंच टेबल मांडूं लागला. गेल्या हिंवाळ्यांत एके रात्रीं काकांनीं मायेनें निखाऱ्यांची शेगडी त्याच्या पायांशीं ठेवली आणि वारा येऊं नये म्हणून दार ओढून घेतलें. तासाभरानें काकू दूध घेऊन गेल्या, तों मुलगा टेबलावर डोकें टेकून पडलेला. हांका मारल्या तरी धड उत्तर देईना. त्याला अंगणांत आणलें, रातोरात परभणीस नेलें, प्राणवायु दिला, तेव्हां तो सावरला. “अरे, निखारे चांगले फुलले होते, धूर तर मुळींच नव्हता,” असें काका पुन्हां पुन्हां म्हणत होते.

घोटाळा नेमका येथेंच आहे. धुरानें डोळे चुरचुरतात, माणूस दार उघडतो आणि वांचतो. पण कोळसा कोंदट जागेंत जळतांना जो कार्बन मोनॉक्साइड वायु निघतो, त्याला ना रंग, ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. आधीं डोकें जड होतें, मग मळमळतें, आणि पुढें जी गुंगी येते तिला आपण झोंप समजतों. घासलेटचा स्टोव्ह, गॅसची शेगडी आणि बंद दारामागें चालू ठेवलेलें मोटारीचें इंजिन हीं सारीं याच जातीचीं. थंड मुलखांत मोटारखान्यांत गॅसचे हीटर लावतात खरे. पण नीट बसविलेल्या हीटरचा धूर नळीनें थेट बाहेर सोडलेला असतो. तशी सोय नसेल तर जळणारी वस्तु आंत नकोच.

राहतां राहिली वीज. मुलाच्या वडिलांनीं दुसऱ्याच दिवशीं २,००० वॅटचा पंख्याचा हीटर आणण्याचा बेत केला. मीं म्हटलें, आधीं छताकडे पाहा. मोटारखाना १० फूट रुंद, १८ फूट लांब आणि १० फूट उंच. त्यांतील हवा १० अंशांनीं तापविण्यास पाव युनिटहि वीज लागत नाहीं. पण तेवढा फरक राखावयाचा म्हटलें तर एकट्या उघड्या पत्र्यांतूनच सतत हजार वॅटांहून अधिक उष्णता निघून जाते. फुटक्या घागरींत पाणी भरण्याचाच हा प्रकार! हीटर विकणारे खोली केवढी हें विचारतात, छत कशाचें हें क्वचितच विचारतात. आपल्या मराठवाड्यांतील जुनीं माळवदें आठवा. लांकडी तुळया, वर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. हिंवाळ्यांत तीं उबदार आणि उन्हाळ्यांत गार. तें ज्ञान आपण पत्र्याबरोबर घालवून बसलों.

अखेर पत्र्याखालीं हातभर पोकळी सोडून प्लायवूडचें छत केलें, आणि लोखंडी शटरच्या आंतून जुन्या सतरंजीचा पडदा सोडला. थर्मोकोल स्वस्त पडतें, पण तें पेट घेतें, म्हणून उघडें लावूं दिलें नाहीं. छताचा खर्च हीटरहून अधिक आला. मात्र थंडी दोन महिन्यांची, आणि ऊन त्याहून लांब. मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हां हेंच छत उपयोगीं पडतें. हीटर तेव्हां माळ्यावर पडून असतो.

हीटर तेल भरलेला, १,५०० वॅटचा घेतला. त्याची तार लाल होत नाहीं, हवा फारशी घुसळली जात नाहीं, आणि वीज गेल्यावरहि तो कांहीं वेळ ऊब देतो. गांवांत वीज जाण्याचा प्रसंग नवा नाहीं! सलग तीन तास पूर्ण जोरानें चालला तर साडेचार युनिटें लागतात. खोली तापल्यावर तो आपोआप बंद-चालू होतो, त्यामुळें प्रत्यक्षांत कमी. त्याला सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून दिव्याच्या लहान सॉकेटवर तो लावावयाचा नाहीं. जाड तारेचें, अर्थिंग असलेलें वेगळें मोठें सॉकेट हवें. एक्स्टेन्शनची वायरहि नको.

आणखी एक खबरदारी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते आणि जमिनीलगत साचते. ठिणगी कोणत्याहि स्विचमधून उडूं शकते. म्हणून हीटर लावण्यापूर्वीं मोटार, दुचाकी आणि पेट्रोलचा डबा हीं तिन्हीं बाहेर जातात, आणि दार कांहीं वेळ सताड उघडें राहतें. पायांशीं गरम पाण्याची रबरी पिशवी असली तर हीटर निम्म्यावर ठेवूनहि भागतें, असें नातवाचें म्हणणें आहे.

काकांची शेगडी मोडींत निघालेली नाहीं. ती आतां अंगणांत पेटते आणि पहांटे निम्मीं माणसें तिच्याभोंवतीं बसतात. मोटार मात्र रात्रभर बाहेर उभी असते. कांचेवर दंव साचतें, म्हणून काकांचे चिरंजीव अजून कुरकुरतात.