घरचा जुना संगणक : नवी विंडोज टाकावी की नाही?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी बऱ्याच जणांच्या घरी एक जुना संगणक असतो. दुकानात जागा नाही म्हणून तो घरी ठेवलेला असतो. दिवसा त्यावर मुलांचा अभ्यास चालतो आणि रात्री जेवणानंतर उधारीचा हिशेब, बिले व जीएसटीचे काम. मग एके दिवशी पडद्यावर सूचना येते की या विंडोजचा आधार संपला आहे. दुरुस्ती करणारा म्हणतो, "चाचा, मशीन जुनी झाली, नवीच घ्या." मुलगा म्हणतो, "अब्बा, मी नवी विंडोज टाकून देतो, तासाभराचे काम आहे." शेजारचा दुकानदार म्हणतो, "भाई, चालतंय ना? मग हात कशाला लावता?"

तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. पण हिशेब बुडाला तर भरपाई तिघांपैकी कोणी करणार नाही. म्हणून हा निर्णय आपण स्वतः समजून घेऊन करावा.

आधार संपला म्हणजे काय?

विंडोज हा संगणक चालवणारा मूळ कार्यक्रम. तो तयार करणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी त्यातील उणिवा सापडतील तशा दुरुस्त करून इंटरनेटवरून पाठवत असते. हा पुरवठा ठरावीक मुदतीपर्यंतच चालतो. विंडोज एक्सपीचा पुरवठा ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी.

त्या तारखेनंतर संगणक बंद पडत नाही. जुन्या यंत्रमागाचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले तरी माग चालतोच, तसे हे आहे. परंतु एक मोठा फरक आहे. मागाची उणीव शोधत कोणी चोर फिरत नाही; विंडोजची उणीव शोधत मात्र फिरतात, आणि एकदा सापडली की ती त्या जातीच्या सर्व संगणकांना लागू पडते.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू जगभर पसरला. तो संगणकातील फाइलींना कुलूप लावी आणि ते उघडण्यासाठी सुमारे ३०० डॉलरची खंडणी मागे. ज्या उणिवेतून तो आत शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्च महिन्यात दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, तशाच दुसऱ्या हल्ल्यात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या दिवसांत ज्यांचे कंटेनर तेथे अडकले, त्यांना संगणकाच्या दुखण्याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी अडचण हळूहळू येते. इतर कार्यक्रमही जुन्या विंडोजची साथ सोडतात. क्रोम ब्राउझरची १०९ वी आवृत्ती ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची ठरली. फेब्रुवारी २०२३ पासूनच्या आवृत्त्यांना किमान विंडोज १० लागते. ब्राउझर जुना राहिला की बँकेची व सरकारी संकेतस्थळे एकेक करून अडू लागतात.

आधी प्रत, मग बाकी सर्व

येथे आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. २०२० साली विंडोज ७ ची मुदत संपली तेव्हा आम्ही घाईने घरचा संगणक एका दुरुस्ती करणाऱ्याकडे दिला. त्याने विचारले, "डाटा काय ठेवायचा?" आम्ही म्हणालो, "फोटो आणि कागदपत्रे." त्याने तेवढे ठेवले आणि फॉरमॅट मारला. हिशेबाचे फोल्डर सी ड्राइव्हमध्ये वेगळ्याच जागी होते, ते गेले. चूक त्याची नव्हती, आमची होती. सहा महिन्यांची उधारी चलनाच्या कागदांवरून पुन्हा लिहून काढली. दोन गिऱ्हाइकांची चलने सापडलीच नाहीत. त्यांना जाऊन विचारावे लागले की आपल्याकडे आमचे किती येणे आहे. दोघांनीही इमानदारीने सांगितले, पण व्यापाऱ्यावर अशी विचारण्याची वेळ येऊ नये.

म्हणून विंडोज बदलायची असो वा नसो, पहिले काम हिशेबाची प्रत काढणे. आपला हिशेबाचा कार्यक्रम माहिती कोणत्या फोल्डरमध्ये साठवतो ते त्या कार्यक्रमातच पाहून कागदावर लिहून ठेवावे. एक प्रत पेन ड्राइव्हवर व दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि त्यांपैकी एक घराबाहेर, दुकानात किंवा भावाकडे, ठेवावी. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, हेही ध्यानात असावे.

आपल्या यंत्रात दम किती?

विंडोज ११ साठी कंपनीने किमान अटी घातल्या आहेत : ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, 'सिक्युअर बूट'ची सोय, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि मान्य यादीतील ६४-बिट प्रोसेसर. बहुतेक जुने संगणक प्रोसेसरच्या अटीवर अडतात. साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर चालतो.

पिढी ओळखणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' व त्यात 'अबाउट' उघडले की प्रोसेसरचे नाव दिसते. 'आय-५' नंतर ७४०० असेल तर पहिला आकडा ७, म्हणजे सातवी पिढी, चालणार नाही. ८४०० असेल तर आठवी, चालेल. १०४०० असे पाच आकडे असतील तर पहिले दोन धरावेत, म्हणजे दहावी पिढी. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत कार्यक्रमही सरळ हो की नाही ते सांगतो. प्रोसेसर चालणारा असूनही टीपीएम नाही असे उत्तर आले तर घाबरू नये. पुष्कळदा ती सोय यंत्रात असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या यंत्रात तिचे नाव 'पीटीटी' व एएमडीच्या यंत्रात 'एफटीपीएम' असे आढळते.

आपले काम कोणते?

नव्या विंडोजवर आपली जुनी साधने चालतील का, हे आधी विचारावे. काहींकडे अजून डॉसच्या काळातील बिलांचा कार्यक्रम आहे. असे १६-बिट कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. जुन्या उर्दू वा मराठी टंकलेखनाच्या कार्यक्रमाला मागे लावायचे कुलूप, म्हणजे डोंगल, असेल. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जाड केबलने जोडलेला असेल. तर त्यांचे नवे ड्रायव्हर मिळतात का ते आधी पाहावे. विंडोज टाकून झाल्यावर हे कळले तर उपयोग नाही.

चार मार्ग

पहिला मार्ग : विंडोज १० आहे आणि यंत्र अटीत बसते. प्रत काढून विंडोज ११ घ्यावी. अधिकृत विंडोज १० वरून ती मोफत मिळते. किमान अट ४ जीबीची असली तरी काम सुखाने होण्यासाठी रॅम ८ जीबी करावी.

दुसरा मार्ग : विंडोज १० आहे पण यंत्र अटीत बसत नाही. अशा घरगुती संगणकांसाठी कंपनीने सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव योजना आणली आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरवली. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जची प्रत ठेवल्यास ती विनामूल्य, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढ्या स्थानिक रकमेत मिळण्याची सोय केली. यंत्रावर २२एच२ ही आवृत्ती असली पाहिजे. आमचा घरचा संगणक सहाव्या पिढीचा आहे. आम्ही हाच मार्ग घेतला. मात्र ही सवड पुढची तयारी करण्यासाठी आहे, विसरून जाण्यासाठी नाही.

तिसरा मार्ग : यंत्र धड आहे, पण काम फक्त इंटरनेट, पत्रे व मुलांच्या अभ्यासाचे. तेथे लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत व कायदेशीर व्यवस्था बसवता येते. लिनक्स मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. काहीही न पुसता ती आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. परंतु टॅली त्यावर सरळ चालत नाही, म्हणून हिशेब त्याच संगणकावर असेल तर हा मार्ग नको.

चौथा मार्ग : विंडोज ७ किंवा त्याहून जुने यंत्र, ज्यावर एखादा जुना कार्यक्रम अडकला आहे. ते फक्त त्या कार्यक्रमासाठी ठेवावे व इंटरनेटची तार काढून टाकावी. बँकेचे व जीएसटीचे काम त्यावर करू नये. त्यासाठी दुसरा संगणक घ्यावा. जुना घेतला तरी आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नये. सहावी-सातवी पिढी फार स्वस्तात दाखवली तर भाव का पडला हे आता आपल्याला माहीत आहे.

कित्येक दुरुस्ती करणारे अटी चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ टाकून देतात. ती चालतेही; पण अशा यंत्राला दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. चोरीची विंडोज तर घेऊच नये. ती चालू करण्याच्या फुकट कार्यक्रमांतूनच पुष्कळदा विषाणू घरात येतो.

वेग हवा असेल तर

संगणक मंद झाला म्हणून विंडोज बदलणाऱ्यांची नेहमी निराशा होते. मंदपणाचे कारण बहुधा फिरणारी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली तर जुन्या यंत्रातही माहिती वाचण्याचा वेग तीन-चार पटींनी वाढतो. रॅम वाढवताना आपल्या यंत्रात डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते पाहून घ्यावे. एकाच्या जागी दुसरी बसत नाही. पुढे नवा संगणक घेतला तर एसएसडी काढून त्यात वापरता येते, म्हणून तो खर्च वाया जात नाही.

थोडक्यात सांगायचे तर, नवी विंडोज ही नवेपणासाठी घेण्याची वस्तू नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यात लोकांकडील येणे लिहिलेले आहे, त्याला दुरुस्त्यांचा पुरवठा चालू असलाच पाहिजे. तो नव्या विंडोजने मिळो, वाढीव योजनेने मिळो की लिनक्सने मिळो. जेथे तो मिळणार नाही, तेथून हिशेब हलवावा. आणि हे सर्व ठरवण्याआधी, आज रात्री हिशेबाला बसाल तेव्हाच, एक प्रत काढून ठेवावी.