अंगावरच्या दुखण्याचे मौन

दसरा उलटला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी गाव सोडतात. अहिल्यानगर जिल्ह्याचा उत्तर भाग कारखान्यांचा, तर दक्षिणेकडील कोरडवाहू भाग मजुरांचा. पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढावयाचे. तेथे न्हाणीघर नाही, शौचालय नाही आणि पाणी दुरून आणावे लागते. आडोसा नाही म्हणून बाई पाणीच कमी पिते. मासिक पाळीतली फडकी धुऊन उन्हात वाळवावीत, तर त्यांना लपविण्यासारखी जागा नाही. एक दिवस कामावर न गेल्यास खाडा पडतो. मग ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढ्यासाठी दवाखाना कोण गाठणार?

या दुबळेपणाची परिणती कोठे होते, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखविले. शासनाने नेमलेल्या समितीच्या 2019 मधील पाहणीत ऊसतोडणी करणाऱ्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. त्यांत चाळिशीच्या आतील स्त्रियाही होत्या. वस्तुतः पांढरे जाण्याचे कारण पुष्कळदा योनिमार्गाचा जंतुसंसर्ग हे असते आणि तो योग्य औषधांनी बरा होतो. गर्भाशय काढल्याने तो पुन्हा होणार नाही, असे मुळीच नाही. उलट अंडाशयेही काढली गेली, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होतात.

हे केवळ मजूर स्त्रियांचे दुखणे नव्हे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक विकार आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या 8 टक्के होत्या. सुशिक्षित घरांतही मौन तेच असते, फक्त त्याचे रूप वेगळे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. योनिमार्गात उपकारक जंतू असतात. ते तेथे आम्लता राखतात आणि अपायकारक जंतूंना रोखतात. साबण वा जंतुनाशक द्रव आत घालून धुतल्यास हे संरक्षणच नाहीसे होते. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. शौचानंतर पुढून मागे स्वच्छता करावी, सुती व कोरडे कपडे वापरावेत, पाळीतील घडी दर चार ते सहा तासांनी बदलावी आणि फडके साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. पाळीच्या चक्रानुसार थोडा पातळ स्राव होणे स्वाभाविक आहे. परंतु दुर्गंधी, खाज, दह्यासारखा वा हिरवट-पिवळा स्राव, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असल्यास डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. दुकानातून मनाने मलम आणू नये. कारणे निरनिराळी, तशी औषधेही निरनिराळी असतात. काही संसर्गांत पतीनेही औषध घेणे आवश्यक असते, अन्यथा आजार उलटतो. मधुमेहात बुरशीचा संसर्ग वारंवार होतो, हेही ध्यानात ठेवावे. हा आजार म्हणजे अस्वच्छतेचा वा चारित्र्याचा दाखला नव्हे.

हे बोलणे खेड्यात अशक्य असते, असे म्हणावे तर जामखेडचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे काम सुरू केले आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. जी गोष्ट डॉक्टरांपुढे ओठांवर येत नाही, ती शेजारच्या बाईपाशी सहज बोलली जाते, हे त्यांनी ओळखले होते.

तोडणीच्या फडापर्यंत अशी सेविका, पाणी आणि आडोसा पोहोचविणे हे कारखान्यांचे व शासनाचे कर्तव्य होय. पण आपल्या शाळेतील मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे काय, त्याचे दार आतून लागते काय, हे पाहण्यास शिक्षकाला कोणत्या शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवसभर लघवी रोखून वर्गात बसणारी मुलगी हे मौन तेथेच शिकते.