नोंदवलेल्या मॅक्रोमधील त्रुटींचे निवारण

नोंदवलेला मॅक्रो म्हणजे शब्दसंस्करण प्रणालीत वापरकर्त्याने केलेल्या कृतींची आज्ञांच्या स्वरूपात साठवलेली मालिका होय. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये या आज्ञा वर्ड ९७ आवृत्तीपासून 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' या भाषेत लिहिल्या जातात. नोंदणी करणारी सुविधा केवळ कृती टिपते, त्यामागचा हेतू तिला कळत नाही. नोंदवलेल्या मॅक्रोमधील बहुतेक त्रुटींचे मूळ यातच असते.

त्रुटींची कारणे

कर्सरचे स्थान : नोंदवलेल्या आज्ञा सहसा कर्सरच्या त्या वेळच्या स्थानावर अवलंबून असतात. कर्सर अन्यत्र असताना मॅक्रो चालवल्यास बदल चुकीच्या जागी होतात. नोंदणी चालू असताना माउसने मजकूर निवडता येत नाही. त्यासाठी कळफलकच वापरावा लागतो.

अटींचा अभाव : 'सापडले नाही तर थांब' यासारखी अट नोंदवली जात नाही. एखादा शब्द शोधून पुसणारा मॅक्रो तो शब्द न सापडल्यास कर्सरजवळचा भलताच मजकूर पुसू शकतो. अशा वेळी कोणताही त्रुटिसंदेश दिसत नाही, म्हणून ही चूक सर्वांत घातक ठरते.

अतिरिक्त मूल्ये : अक्षरे ठळक करण्यासाठी फॉन्टची संवादचौकट वापरल्यास फॉन्टचे नाव, आकार व रंगही नोंदवले जातात आणि पुढे ते इतर मजकुरावर लादले जातात. अनावश्यक ओळी काढून टाकल्यास हा दोष दूर होतो.

अनुपलब्ध घटक : मॅक्रोत उल्लेखलेली शैली वा तक्ता दस्तऐवजात नसल्यास ५९४१ क्रमांकाची त्रुटी येते. फाइलचा पूर्ण मार्ग नोंदवलेला असल्यास दुसऱ्या संगणकावर ती फाइल सापडत नाही.

देवनागरी मजकूर

वर्डचा मॅक्रो संपादक युनिकोड अक्षरे दाखवू शकत नाही. त्यामुळे नोंदणीत 'काम' हा शब्द २३२५, २३६६ व २३५० अशा सांकेतिक क्रमांकांच्या रूपात उतरतो. ही त्रुटी नसते. मात्र संपादकात थेट देवनागरी मजकूर चिकटवल्यास त्याची प्रश्नचिन्हे होतात व मॅक्रो निकामी होतो. अशा ठिकाणी सांकेतिक क्रमांकच वापरावे लागतात. लिबरऑफिसच्या बेसिक संपादकात ही अडचण येत नाही. तेथे मॅक्रो नोंदणीची सुविधा मात्र आधी पर्यायांमधून सुरू करावी लागते.

निवारणाची पद्धत

प्रथम दस्तऐवजाची प्रत काढून तिच्यावरच चाचणी घेतली जाते. आल्ट व एफ११ या कळांनी संपादक उघडून एफ८ कळ दाबत गेल्यास मॅक्रो एकेक ओळीने चालतो. संपादक व दस्तऐवज शेजारी ठेवल्यास नेमकी कोणती ओळ बिघाड करते ते दिसते. लांबलचक मॅक्रोत एफ९ कळीने संशयित ओळीवर थांबा लावता येतो. दोष सापडल्यावर ती ओळ सुधारावी किंवा तिच्या आधी अट जोडावी. संपूर्ण मॅक्रो पुन्हा नोंदवल्याने अटींचा अभाव दूर होत नाही.

मॅक्रो मुळीच चालत नसल्यास

डॉक्एक्स प्रकारच्या फाइलमध्ये मॅक्रो साठवता येत नाही. त्यासाठी डॉक्एम प्रकार निवडावा लागतो. मॅक्रोमार्फत पसरणाऱ्या १९९९ मधील मेलिसासारख्या विषाणूंमुळे मॅक्रोंवर सुरक्षा-निर्बंध आले. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधील मॅक्रो मुळातच रोखण्यास सुरुवात केली. म्हणून स्रोत विश्वासार्ह असल्याची खात्री झाल्याखेरीज हा निर्बंध काढणे धोक्याचे असते.