भयाचे खेळ (७) : श्वास रोखून धरलेली शाळा

भयपट पाहताना डोळे मिटून घेता येतात; खेळात मात्र पुढचं दार आपल्यालाच उघडावं लागतं, हे मागच्या लेखात आपण पाहिलं. आजचा खेळ आणखी एक पाऊल पुढे जातो. तो आपल्याला श्वास रोखायला लावतो.

तैवानच्या ‘रेड कँडल गेम्स’ या छोट्या चमूचा ‘डिटेन्शन’ जानेवारी २०१७ मध्ये आला. काळ १९६० च्या दशकातला, जागा डोंगरातली एक शाळा. वर्गात डुलकी लागलेला वेई जागा होतो तेव्हा शाळा ओस पडलेली असते, बाहेर वादळ येऊ घातलेलं असतं. सभागृहाच्या रंगमंचावर, खुर्चीत, त्याला एक मुलगी दिसते. तिचं नाव फांग रे-शिन. दोघं घरी निघतात, तर पूल तुटलेला आणि नदीचं पाणी रक्तासारखं लाल. थोड्याच वेळात वेई कथेतून नाहीसा होतो आणि खेळाची सूत्रं रेकडे येतात.

रेच्या हाती शस्त्र नाही. व्हरांड्यात भूत समोर आलं, की बटण दाबून धरायचं. रे श्वास रोखते आणि हळूहळू त्याच्या शेजारून सरकते. श्वास फार वेळ पुरत नाही, म्हणून आपली बोटंही आखडतात. कंदील घेतलेलं उंच भूत आलं तर त्याच्याकडे पाहायचंही नाही. पाठ फिरवून गप्प उभं राहायचं आणि ते निघून जायची वाट पाहायची.

न पाहणं, न बोलणं, पाठ फिरवणं : तैवानमधल्या एका अख्ख्या पिढीला हेच शिकवलं गेलं होतं. २० मे १९४९ रोजी तिथे लष्करी कायदा लागू झाला तो उठला १५ जुलै १९८७ रोजी, ३८ वर्षांनी. या दडपशाहीला तिथे ‘श्वेत दहशत’ म्हणतात. पुस्तकांवर बंदी होती, शाळाशाळांत लष्करी प्रशिक्षक नेमलेले होते, संशयितांची खबर देणं हे नागरिकाचं कर्तव्य मानलं जाई. अशा काळात खेळातले काही विद्यार्थी आणि यिन बाई गुपचूप वाचनमंडळ चालवतात. याच खेळावरून २०१९ मध्ये निघालेल्या चित्रपटात ही मुलं लपूनछपून रवींद्रनाथ टागोरांचं ‘स्ट्रे बर्ड्स’ वाचतात.

(इथून पुढे कथेचं रहस्य उलगडतं. खेळ खेळायचा असेल, तर उरलेला लेख नंतर वाचावा.)

रेचं घर मोडकळीला आलेलं आहे. वडिलांच्या वागण्याला कंटाळलेली आई अखेर त्यांच्याविरुद्ध तक्रार करते, आणि वडिलांना पकडून नेलं जातं. नकोसं माणूस आयुष्यातून दूर करण्याचा एक मार्ग असतो, हे मुलगी घरातच शिकते. शाळेत समुपदेशक चांग सर तिला आधार देतात. तिचा जीव त्यांच्यात गुंततो. हे संबंध थांबवा, असं यिन बाई सरांना बजावतात, आणि ते रेच्या कानावर पडतं. मग ती वेईकडून वाचनमंडळाच्या पुस्तकांची यादी मिळवते आणि लष्करी प्रशिक्षकाच्या हाती देते. तिला फक्त यिन बाई दूर व्हायला हव्या असतात. पण पकडापकडी सुरू होते तेव्हा त्यात मुलंही जातात आणि चांग सरही.

मला हा खेळ मोलाचा वाटतो तो इथे. रे दुष्ट नाही. प्रेमाला भुकेली, सतरा बाजूंनी कोंडलेली शाळकरी मुलगी आहे ती. एरवी अशा वयातला मत्सर चार दिवसांच्या अबोल्यात विरला असता. पण चुगलीला बक्षीस आणि वाचनाला शिक्षा देणाऱ्या समाजात तोच मत्सर माणसांचे जीव घेतो. सत्तेला प्रत्येक घरात शिरावं लागत नाही. भ्यालेली, दुखावलेली माणसं स्वतःच तिच्या दारी यादी घेऊन जातात.

शेवटी रेला तिचीच सावली प्रश्न विचारते. तू काय केलंस? तुला आठवतं का? उत्तरं आपण निवडायची. नाकारत राहिलो तर रे त्याच शाळेत, त्याच रंगमंचावर अडकून राहते. कबूल केलं तर वर्षानुवर्षं तुरुंगात काढून म्हातारपणाकडे झुकलेला वेई पडक्या शाळेत येतो आणि एका रिकाम्या वर्गात तिच्यासमोर बसतो. खेळाच्या मूळ चिनी नावाचा अर्थही ‘शाळेत परतणं’ असाच आहे.

रेची चूक पुसली जात नाही, मेलेले परत येत नाहीत. पण इतका वेळ श्वास रोखून भुतांच्या शेजारून सरकलेले आपण त्या वर्गात पहिल्यांदाच बटणावरचं बोट सैल करतो. जे घडलं ते मोठ्याने म्हणता येणं, ही स्वातंत्र्याची पहिली खूण आहे. ती मिळायला तैवानला ३८ वर्षं लागली.

पुढच्या लेखात : लग्नाच्या दडपणाखाली घुसमटलेली हिनाको आणि १९६० च्या दशकातलं जपानी गाव, ‘सायलेंट हिल एफ’.